शेंगामास्तरांची वही

तुम्हांला न येणाऱ्या लिपीतला एखादा कागद उद्या तुमच्या हाती पडला, तर त्यात काय लिहिलंय हे तुम्ही कुणाला विचाराल? आणि जो वाचून दाखवील त्याला खरंच वाचता येतं की नाही, हे बघायला किती वेळ थांबाल?

घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न एका दुपारी, एका चिंचेखालच्या पारावर, गावभर माणसांपुढं आला होता. त्यांनी घाईनं उत्तर दिलं आणि दस्तगीर मास्तर मेले. नळदुर्गच्या शाळेतले दस्तगीर मास्तर. आसपासची गावं त्यांना शेंगामास्तर म्हणत. ज्या वहीपायी ते गेले ती वही मी दोन वर्षं त्यांच्या मांडीवर पाहिली होती. तिच्यात काय आहे हे त्या पारावरच्या कुणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. मी तिथं नव्हतो. माझं एक वाक्य मात्र तिथं होतं. त्या वाक्यापाशी मी येणारच आहे, टाळणार नाही.

मास्तर दिसायच्या आधी वाजायचे. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत वाळक्या शेंगा भरलेल्या असत. ते चालू लागले की खुळखुळ आवाज येई, आणि पडवीत दंगा करणारे वर्ग आपोआप गप्प होत. एकदा हेडमास्तर वैतागून म्हणाले, "त्यापेक्षा गळ्यात घंटा बांधून घ्या, मास्तर." मास्तरांनी खिशातून एक शेंग काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "घंटेत बी नसतं, साहेब."

पन्नाशीच्या पुढचे, उंच, खाली बघून बघून पाठीत वाकलेले. डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं, फूल उभं चिरायला. शाळेत सगळं शिकवणं उर्दूतून. त्यांचा विषय निसर्गाचा. त्याला 'मुताला-ए-कुदरत' असं भारदस्त नाव होतं. मी त्याच शाळेत मराठीचे तास घेई. वय बावीस, गाव ईट. आमच्या घरात पोथ्या दोन आणि निजामाविरुद्धची पत्रकं टोपलीभर. सोलापूरकडून कडब्याच्या पेंढ्यांत दडवून यायची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळं मला जगात दोनच तऱ्हेची माणसं दिसत, आपली आणि त्यांची. मास्तर कुठल्याच बाजूला नीट बसत नसत, आणि त्याचा मला राग येई.

"काय म्हंता ह्याला?" हा मास्तरांचा रामराम होता. रस्त्यात गुराखी भेटो, वाणी भेटो, लग्नाचं वऱ्हाड भेटो, मास्तर हातातली डहाळी पुढं धरत. समोरच्यानं नाव सांगितलं की तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवे बसत आणि वही उघडत. जाड पुठ्ठ्याची, पाठीला कातडं लावलेली, उजवीकडून उघडणारी उर्दू वही. तिच्यात रकाने आखलेले. पहिला 'पुराना नाम': लोक झाडाला जे म्हणतात ते. दुसरा 'नया नाम': शास्त्राच्या पुस्तकातलं लॅटिन नाव, उर्दू अक्षरांत. तिसरा 'खानदान': झाडाचं कूळ. आणि चौथा रकाना कुठल्याही पुस्तकात नव्हता, तो मास्तरांचा स्वतःचा. 'बतानेवाला'. नाव सांगणाऱ्या माणसाचं नाव, कौम म्हणजे जात, आणि मौजा म्हणजे गाव.

फक्त शेंगा धरणारी झाडं. बाकी वनस्पतींशी त्यांना घेणं नव्हतं. मी एकदा कौतुकानं मोगऱ्याचं फूल दिलं, तर म्हणाले, "छान हाय. चाचीला द्या." चाची म्हणजे त्यांची बायको, खैरूनबी. तिच्या नावावरूनही त्यांची थट्टा चाले. "खैराला शेंगा येतात. म्या लगीनच शेंगवाल्या झाडाशी केलं. काटे हायत, पन खानदान एकच." आतून चाचीचा आवाज येई, "काटे ना होते तो कब के बकरियाँ खा जातीं तुमको."

वर्गात ते हुलग्याचं इवलंसं फूल नखानं चिरून दाखवत. "वरची मोठी पाकळी, ही पताका. बाजूला दोन पंख. खालच्या दोन जुळून झाली होडी. आता होडी उघडा. आत दहा केसर. मोजा. नऊ बुडाशी जुळलेले. नऊ भाऊ एका चुलीवर. दहावा सुटा." कुणीतरी दरवेळी विचारी, दहावा सुटा का? मास्तर म्हणत, "त्याला विचारा की. मी मोजणारा हाय, भांडण मिटवणारा न्हाय." मग वर्गाला कळे की चिंच हुलग्याची चुलत बहीण, दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तो आपटा तिचा भाऊ, आणि बाभूळ, तरवड, पळस, भुईमूग ही सगळी एकाच वाड्यातली भावकी. शाळा सुटल्यावर पोरं चिंचेवर दगड मारताना ओरडत, "हुलग्याच्या बहिणीला मारू नको रे!"

झाडांची नावं बदलतात हे मला मास्तरांमुळं कळलं. एका पुस्तकात पळसाचं एक नाव, नव्या पुस्तकात दुसरं. मला ती साहेबांची रिकामटेकडी खोडी वाटे. मास्तरांनी पळसाची शेंग माझ्या तळहातावर फोडली. टोकाला एकच बी. "नवं नाव म्हंतंय, एका बियाचा. बघा, हाय का न्हाय? शेंग फोडून पटलं तर नाव घ्यायचं. न पटलं तर रांगेत उभं ठेवायचं." जुनं नाव ते कधीच गिरगटून टाकत नसत. पट्टी ठेवून एक बारीक रेघ ओढत, खालचं अक्षर वाचता येईल अशी. "कुणीतरी त्या नावानं हाका मारल्यात इतकी वर्षं. ती हाक पुसणारे आपण कोण?"

शास्त्राचा एक नियम त्यांना फार सले. दोन नावांत भांडण लागलं, तर आधी दिलेलं नाव खरं मानायचं. "बरोबर हाय," मास्तर म्हणत. "मग भीमाबाईच्या पणजीनं दिलेलं सगळ्यांच्या आधीचं. ते का न्हाय धरत? तिनं छापलं न्हाय म्हणून?"

ही भीमाबाई बेंबळीची धनगरीण. मेंढरांमागं आयुष्य गेलेली, पायात बाईमाणसाला न शोभणाऱ्या जाड वहाणा, तोंडात सदा तंबाखू. मास्तरांच्या वहीत तिचं नाव सर्वांत जास्त वेळा. पुस्तकात हुलग्याचं जे लॅटिन नाव होतं त्याचा अर्थ दोन फुलांचा. मास्तरांनी बेंबळीच्या शिवारात तीन दिवस हुलग्याची फुलं मोजली. कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन. भीमाबाई बांधावर बसून ही गंमत बघत होती. शेवटी म्हणाली, "मास्तर, हुलग्याला मोजून फुलं येत न्हाईत. पाऊस बगून येत्यात. तुमच्या सायबानं येकच साल बगितलं आसंल."

मास्तरांनी हे वाक्य, सांगणारीच्या नावासकट, इंग्रजीत करून दूरच्या एका वनस्पतीबागेतल्या साहेबाला कळवलं. साहेबाचं उत्तर आलं, नाव संशयास्पद आहे, विचार चालू आहे. मास्तर ते पत्र घेऊन पुन्हा बेंबळीला गेले आणि भीमाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इचार करतोय म्हंजे बरा मानूस दिसतोय."

ती वही एकदा पोलिसांच्या हाती गेलीच होती. चळवळीचे दिवस. निजाम सरकारला प्रत्येक झुडपामागं सत्याग्रही दिसत होता. कुणीतरी चुगली केली की शेंगामास्तर गावोगाव हिंडतो, कुणब्यांची, धनगरांची नावं लिहून घेतो. चौकीचा अमीन शाळेत आला. वही उघडली, दोन पानं वाचली आणि गुरगुरला, "ये टाकळा कौन है? किस गाँव का?"

"हर गाँव में मिलेगा, हुजूर."

"आज कहाँ छुपा है?"

"छुपा नहीं. आपकीच चौकी के पीछे खडा है. एक नहीं, सौ डेढ सौ."

अमीन कमरेवरचा पट्टा आवळत उठला. मास्तर त्याला घेऊन चौकीमागं गेले आणि भिंतीलगत वाढलेला टाकळ्याचा हिरवा ताटवा दाखवला. मी मागं होतो. अमीनाच्या मिशा थरथरल्या. आधी रागानं, मग हसू दाबताना. मास्तरांनी त्याला तिथंच विचारलं, "आपके गाँव में इसे क्या बोलते?" अमीनानं नाव सांगितलं. मास्तर उकिडवे बसले आणि बतानेवाल्याच्या रकान्यात अमीनाचं नाव, कौम, गाव लिहून घेतलं.

आम्ही ती गोष्ट पुढं कित्येक दिवस सांगून हसलो. आज मला त्यातलं एकच दिसतं. अमीन आमचा शत्रू होता, पण त्याला वही वाचता येत होती. आणि तो भिंतीमागं जाऊन बघायला तयार झाला.

मग एक नवं पुस्तक आलं. त्यात म्हटलं होतं की शेंगवाल्यांचं हे एक खानदान नव्हेच, ही तीन वेगळी खानदानं आहेत. बाभळीचं एक, तरवड-आपट्याचं दुसरं, हुलगा-पळसाचं तिसरं. मास्तर आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. त्यांच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत, गादीखाली, फडताळात, सगळीकडं करड्या कागदांवर शिवलेली सुकी झाडं होती. एका सुट्टीच्या दिवशी मी गेलो तर खोलीभर कागद पसरलेले आणि मास्तर मध्ये बसून त्यांचे तीन ढीग लावताहेत. देशाच्या फाळणीच्या बातम्या येत होत्या तेच दिवस. माझं डोकं आधीच तापलेलं.

"मास्तर, बाहेर काय चाललंय आणि तुम्ही शेंगांच्या वाटण्या करताय?"

"तुमीबी तेच करताय की, छोटे मास्तर," ते मान वर न करता म्हणाले. "म्या वाटणी करायच्या आधी प्रत्येक फूल उघडून बगतो. तुमी काय उघडून बगता?"

मी तडक निघून आलो. उंबऱ्यात चाची म्हणाली, "चाय तो पीके जाव." मी प्यालो नाही.

ह्यानंतरचं वर्ष कसं होतं, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. भाले-बंदुका घेतलेल्या, निजामाच्या पाठीराख्यांच्या टोळ्या गावागावांतून फिरू लागल्या. माझ्या आतेभावाचं घर जळालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. चौकटीला अजून धूर होता. मास्तरांनाही त्या टोळीत या म्हणून बोलावणं आलं. त्यांनी सांगून पाठवलं की मला मोठा आवाज सोसत नाही. त्यांच्या दारावर त्या लोकांनी शेण मारलं. ते मी ऐकलं आणि माझ्या रागात कुठं बसवावं ते न कळल्यानं विसरून गेलो. नोकरी सोडली, हद्द ओलांडली आणि सोलापूरकडं जाऊन पत्रकं लिहू लागलो.

त्यांतलं एक पत्रक नावं बदलण्याबद्दल होतं. अमुक गावात लोकांना जबरदस्तीनं बाटवलं, त्यांची नावं फिरवली, याद्या केल्या, असं कुणीतरी छावणीत सांगितलं. सांगणाऱ्याचं नाव मी विचारलं नाही. त्यानं स्वतः पाहिलं होतं का, तेही नाही. त्या दिवसांत धर्मावरून माणसं नाडली गेली हे खरं आहे. पण यादी मी पाहिली नव्हती, आणि मला ठसठशीत काहीतरी हवं होतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं उभं राहील असं. मी लिहिलं: "ज्याच्याजवळ जुनं नाव आणि नवं नाव अशा दोन रकान्यांची वही सापडेल, तो कोण हे आम्ही सांगायला नको."

वाक्य चांगलं उतरलं म्हणून छावणीत माझी पाठ थोपटली गेली. दोन रकान्यांची वही मला कुठून सुचली, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. आयुष्यात अशी वही मी एकच पाहिली होती.

लष्कराचे ट्रक सोलापूरकडून नळदुर्गावरून हैदराबादेकडं गेले. निजामी संपली. आम्ही नाचलो, आणि ते नाचण्याजोगंच होतं. आजही मी त्यातलं काही मागं घेत नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल आमच्या एकाही पत्रकात एक ओळ नाही. टोळीवाले बहुतेक पळाले होते. मागं राहिले ते न पळणारे. विणकर, तांबोळी, मास्तर.

शेजाऱ्यांनी मास्तरांना सांगितलं, थोडे दिवस कुठंतरी जाऊन राहा. दोघं चाचीच्या माहेरी निघाली, पायी. चाचीच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं. मास्तरांच्या काखेत वही आणि पाठीवर सुक्या झाडांचा एक गठ्ठा. वाटेतल्या एका गावी त्यांना अडवलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की बाकीची गावं सुटल्यासारखी होतील.

गठ्ठा सोडला. सुकी झाडं पारावर पसरली. वही निघाली. वाचणार कोण? गावातले उर्दू येणारे लोक एकतर पळाले होते किंवा घरांत दडले होते. पटवाऱ्याच्या हाताखाली कागदपत्रं नेणारा-आणणारा एक माणूस पुढं झाला. त्याला उर्दू अर्जाच्या मायन्यापुरती येत होती. त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "पुराना नाम. नया नाम. खानदान." मग नावं. "भीमाबाई. कौम धनगर. मौजा बेंबळी." पुन्हा भीमाबाई. मग कोळी, लिंगायत, मराठा, गावामागून गाव. त्यांच्या रांगेत पलीकडं कधी कुणी न ऐकलेली नावं. 'गुंजा' ह्या नावासमोर मास्तरांनी गुंजेच्या वेलीचं लॅटिन नाव उर्दूत लिहिलं होतं, 'अबरस'. त्या माणसानं ते वाचलं 'अब्बास'.

गुंजा बाईचं नाव आणि अब्बास पुरुषाचं, एवढंही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मास्तर सांगत होते की ही झाडांची नावं आहेत. समोर झाडं पसरलेलीच होती. त्यांनी गुंजेचा कागद उचलून त्या माणसापुढं धरला आणि सवयीनं विचारलं, "काय म्हंता ह्याला?" कुणीतरी तो कागद हातातून उडवला. मग गर्दीतल्या एकानं बंडीच्या खिशातून एक घडी काढली आणि मराठीत छापलेलं एक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. ते वाचायला काहीच अडचण आली नाही. सोपी, ठसठशीत मराठी.

चाचीला दोन बायकांनी ओढून एका घरात कोंडलं; तिचा जीव त्यांनी वाचवला असं म्हणायला हवं. मास्तरांना विहिरीकडं नेलं. वही त्यांच्या मागून विहिरीत टाकली. सुकी झाडं पारावरच राहिली. ती संध्याकाळपर्यंत शेळ्यांनी खाल्ली. हुलग्या-तुरीच्या भावकीतलीच ती, शेळ्यांना आवडतात.

मी चौथ्या दिवशी पोचलो. मला त्या वाचणाऱ्याला जाब विचारायचा होता. तो दारातच बसला होता, जेवलेला दिसत नव्हता. म्हणाला, "म्या वाचलं तेवढंच. पुढचं म्या केलं न्हाय. आन् हे तर म्या लिवलं न्हाय." आणि त्यानं ती घडी माझ्यापुढं केली. खाली छापखान्याचं नाव नव्हतं. लिहिणाऱ्याचंही नव्हतं. आम्ही नावं घालत नसू. ती आमची हुशारी होती. मला वाक्य ओळखू आलं. जाब विचारायचा राहून गेला.

तिथून मी बेंबळीला गेलो. भीमाबाईला बातमी लागली होती. मेंढरं वाड्यात कोंडून ती अंगणात बसली होती, तोंडात तंबाखू नव्हती.

"माजं नाव फिरवलं म्हून मास्तरला मारलं, व्हय?"

मी मान हलवली.

"मग मला का न्हाय इचारलं? म्या हितंच हाय. चार कोसावर. येक मानूस धाडला आसता, तर म्या पळत आले आसते. माजं नाव भीमाबाईच हाय म्हून सांगिटलं आसतं." मग म्हणाली, "लई नावं सांगिटली रं म्या त्यास्नी. येकबी सांगाय नगं व्हतं."

खैरूनबी नळदुर्गला परत आली होती. घर उघडं होतं, ट्रंक कुणीतरी नेली होती. खुंटीवर मास्तरांचा दुसरा सदरा तेवढा राहिला होता. दारातून वारा आला की खिसे वाजायचे. आम्ही दोघंही प्रत्येक वेळी तिकडं बघत होतो. मी तिला सगळं सांगितलं. छावणी, पत्रक, वाक्य. आरडाओरडा होईल, निदान शिवी मिळेल म्हणून मी वाट बघत होतो.

"मैं बोली थी, ये किताब इधरीच छोडो," ती म्हणाली. "बोले, इसमें भीमाबाई है, अमीन है, पूरा मुलुख है, कैसे छोडूँ." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमको किसने बताया था, वो नीचे लिखना था ना. वो तो हमेशा लिखते थे."

ह्या वेळी तिनं चहाचं विचारलं नाही.

मास्तर मला शेवटचे दिसले ते मी नोकरी सोडून निघालो त्या सकाळी, नळदुर्गच्या किल्ल्यावर. तटाच्या एका खिंडारातून ते अर्धे बाहेर लोंबकळत होते आणि चाचीनं दोन्ही हातांनी त्यांच्या सदऱ्याचा शेव घट्ट धरला होता. खाली बोरी नदीचं पाणी. खिशांतून शेंगा निसटून दगडांवर आपटत होत्या. मला पाहून ते तसेच ओरडले, "छोटे मास्तर, कुठं?"

"सोलापूरला."

ते मागं सरकले. हातात बोटभर वेल होती. तीन-तीन पानं, बारीक पिवळं फूल, त्याच्या पताकेवर तपकिरी रेघा. शेंग चपटी, विळ्यासारखी किंचित वाकलेली, आत दोनच बिया. त्यांनी वही उघडून मला ती ओळ दाखवली. नया नाम भरलेलं होतं. पुराना नाम कोरं.

"साऱ्या तालुक्याला विचारलं. 'गवत हाय' म्हंतात. ह्याला हाक मारणारं कुणी भेटलंच न्हाय. तिकडच्या माळावर दिसली तर विचारा. आणि नुसतं नाव आणू नका. सांगणाऱ्याचं नाव, गाव लिहून आणा. न्हाय तर मी धरणार न्हाय."

मी "बरं" म्हणालो. रागात होतो, थांबलो नाही. वळून पाहिलं तेव्हा ते पुन्हा खिंडारात शिरले होते आणि चाची त्यांचा शेव धरून उभी होती.

मी कुणालाही विचारलं नाही.

म्हणून आता तुम्हांला मागतो. ते पत्रक हजारो घरांत गेलं आहे. तुमच्याही घरी देवळीत, ट्रंकेत, पोथीत घडी करून पडलं असेल. ते फाडू नका आणि जाळूही नका. ते एकाच बाजूला छापलेलं आहे, मागची बाजू कोरी आहे. आधी छापल्या बाजूला, त्या वाक्याखाली, आम्ही जे चोरून ठेवलं ते लिहा: 'सांगणारा नरहरी, मौजा ईट, तालुका भूम. स्वतः पाहिलं नव्हतं.' मग कागद उलटा करा. भादव्यात बांधावर ती पिवळ्या फुलाची वेल शोधा. मेंढरांमागं जाणाऱ्या, खुरपायला बसलेल्या, कुणाही म्हाताऱ्या माणसापुढं ती धरा आणि विचारा, काय म्हणता ह्याला? जे नाव मिळेल ते कोऱ्या बाजूला लिहा. आणि खाली सांगणाऱ्याचं नाव, गाव. त्याच्याशिवाय मास्तर धरणार नाहीत.